कार्डावरची राणी

आधार कार्ड दहा वर्षांनी बाद होत नाही. हे वाक्य मी दिवसातून वीसदा तरी बोलते. तरी रोज सकाळी कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड माझ्यापुढे ठेवतं आणि हळू आवाजात विचारतं, "मॅडम, माह्या कार्डाची तारीख सरली म्हन्तेत, खरं हाये का?" जणू ते कार्ड नसून दुधाची पिशवी आहे.

मी सडक अर्जुनीच्या एका आधार केंद्रात बसते. खिडकीबाहेर हायवे, त्यावर रायपूरकडे जाणारे ट्रक, आणि आत माझा कॅमेरा, बोटांचं यंत्र, डोळ्यांचं यंत्र आणि रांग. नियम मला तोंडपाठ आहेत. बाळाचं कार्ड निळं. ते पाच वर्षांचं झालं की त्याची बोटं, डोळे, फोटो घ्यायचे. पंधराव्या वर्षी पुन्हा सगळं नव्यानं, कारण तोवर चेहरा पार बदललेला असतो. मोठ्या माणसाचं कार्ड दहा वर्षांचं झालं की त्यानं ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक असे कागद पुन्हा जोडायचे. एवढंच. मोठ्यांचा फोटो बदलायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

नियम मला मनापासून आवडतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की मी पोहेसुद्धा नियमानं भिजवते. ते खरंच आहे. रांगेत कोणी मध्ये घुसलं तर मी त्याला सगळ्यात शेवटी पाठवते, मग तो सरपंच असो की माझा दीर. दीर अजून त्यावरून टोमणे मारतो. मारू दे.

म्हणूनच पुढचं सांगताना जरा जड जातं. मी एकदा नियमाच्या नावानं धडधडीत खोटं बोलले, आणि तेही माझ्या बापाशी.

त्याचं कारण बाबांच्या कार्डावरचा फोटो. त्या फोटोत बाबांच्या नाकात नथ आहे. कपाळावर आडवं कुंकू, डोळ्यांत काजळ, ओठ लाल आणि खांद्यावर मोकळे सोडलेले लांब केस. शेजारी नाव बाबांचं, आणि त्याखाली छापलंय: पुरुष.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, भरदुपारी दंडार रंगते. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं नाटक. ढोलकी, झांज, गाणी, सोंगं, आणि बायकांची कामंही पुरुषच करणार. बाबा दोन एकर धानाचे शेतकरी, पण मंडईच्या दिवसांत गावच्या मंडळासोबत आसपासच्या गावांत फिरणारी राणी. गावातल्याच एका मास्तरांनी रचलेल्या खेळातली ती राणी होती. तिचं लेकरू जंगलात हरवतं आणि ती एकेका झाडाला त्याचा पत्ता विचारत फिरते. त्या राणीसाठी बाबा वर्षभर केस वाढवायचे. धान लावताना त्या केसांची गाठ मारून वर टोपी घालायचे. भाऊबंद हसले तर खुशाल हसू द्यायचे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेत आधारचं शिबिर आलं, ते नेमकं मंडईच्या दिवशी. गावातल्या लोकांचे नंबर आधीच लिहून घेतलेले. बाबांचा नंबर लागला तेव्हा त्यांचा एक प्रवेश संपला होता आणि दुसऱ्याला अर्धा तास होता. नंबर हुकला तर पुन्हा कधी येतील कोण जाणे, म्हणून ते लुगड्यातच शाळेत गेले. मशीनवाला दुरून कुठून तरी आलेला, सकाळपासून वीज जाऊन येऊन त्याचं डोकं उठलेलं. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "बाई, डोक्यावरचा पदर काढा." बाबांनी पदर काढला. त्यानं फोटो घेतला. नाव विचारल्यावर मात्र त्यानं मान वर केली. पण मागे पन्नास माणसं होती आणि वीज तेवढ्यापुरती टिकून होती. त्यानं पुढचं बटण दाबलं.

ती बाबांची शेवटची मंडई ठरली. पुढच्या वर्षी ढोलकीवाला वारला, मास्तर नागपूरला लेकाकडे राहायला गेले, आणि मंडळ मोडलं. बाबांनी केस कापले, मिशा ठेवल्या. त्या काळात आमच्या गावात कॅमेरावाले फोन नव्हतेच म्हटलं तरी चालेल. त्यामुळे राणीचा फोटो कोणाहीकडे नाही. आहे तो सरकारकडे.

मी तेव्हा गोंदियात वसतिगृहात राहून शिकत होते. सोबतच्या मुली सगळ्या शहरी, हिंदी बोलणाऱ्या. त्यांचे बाप दुकानदार, रेल्वेत, कोणी वकील. घरी आल्यावर बाबांनी मोठ्या कौतुकानं ते कार्ड मला दाखवलं आणि मी ते पटकन उलटं करून ठेवलं. उद्या हे कार्ड माझ्या कॉलेजात लागलं तर? शिष्यवृत्तीच्या अर्जाला वडिलांच्या कार्डाची झेरॉक्स लागली, तेव्हा मी मुद्दाम इतकी काळी झेरॉक्स काढली की त्यात नुसता एक गोल दिसावा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आणि नशीब बघा, पुढे मला नोकरी मिळाली ती आधारच्या केंद्रातच. बाबांची झेरॉक्स सोसायटीत, बँकेत, धान खरेदीच्या केंद्रावर, सगळीकडे फिरायची. गेल्या हिवाळ्यात एकदा ती फिरत फिरत आमच्या शेजारच्या टेबलावर आली. त्या टेबलावर दाखले तयार करणारे एक गृहस्थ बसतात. गोंदियाचे आहेत, मनानं चांगले, पण तोंडाला कुलूप नाही. त्यांनी कागद हवेत धरला. "अरे मॅडम, देखो तो, ये कौन सी हीरोइन है? और नीचे लिखा है पुरुष!" सगळं केंद्र खदखदून हसलं. नाव वाचून त्यांना काही उमगलं नाही, कारण माझं आडनाव आता सासरचं.

मी तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी बोलले ते असं: "सिस्टम की गलती होगी."

त्या रविवारी मी माहेरी गेले ती ठरवूनच. अंगणात आई लाखोरीची कोवळी भाजी निवडत बसली होती, बाबा खाटेवर होते. मी माझा केंद्रातला आवाज लावला.

"बाबा, तुमच्या कार्डाला दहा वर्षं होऊन गेली. आता ते नवं करावं लागते. कागदबी नवे, फोटोबी नवा. नियम आहे."

बाबा उठून बसले. "फोटोबी?"

"हो. सक्तीचं आहे."

आईनं भाजीतून डोकं वर काढलं. "सगऱ्याइलेच बदलाव लागते का फक्त माह्याच नवऱ्याले?"

"सगऱ्याइले," मी म्हटलं. खोटं बोलताना मी आईची भाषा बोलते, असं माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

बाबा घरात जाऊन ते कार्ड घेऊन आले. कोपरे उसवलेले, वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, राणीचा चेहरा निम्मा पुसलेला. मी म्हटलं, "हे जुनं ठेवा ना तुमच्याजवळ. कोणी नेत नाही ते."

"कार्ड राहन बाई," बाबा म्हणाले. "पन सरकारात त मी नाई राहनार ना. आतापर्यंत दिल्लीच्या कम्प्युटरात लिवून हाये का हा मानूस राणी होता. कोनं मले शाल देल्ली नाई, कागद देल्ला नाई. हेच एक हाये." मग कार्ड सदऱ्याला पुसत म्हणाले, "नियमच हाये ना पन? मंग काय करतेस. तुह्या नोकरीले बट्टा नोको लागाले."

खरं बोलायची ती वेळ होती. मी चहा घेतला आणि गुरुवारी या म्हणून सांगून निघून आले.

बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, थोडसं काजर लावून आलो त चालते का?"

"नाही चालत," मी फाडकन म्हटलं. काजळाविषयी कुठलाही नियम नाही.

गुरुवारी दोघं काळीपिवळी जीपनं आले. बाबांनी न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून घेतली होती, मिशा कातरल्या होत्या, पांढरा सदरा घातला होता. माझं लक्ष गेलं तसा त्यांनी हात वर केला, आणि मग मी मॅडम आहे हे आठवून तो खाली घेतला. नियमाप्रमाणे टोकन घेऊन बाकावर बसले. आई शेजारी, मांडीवर पिशवी. त्यांच्यापुढे दोनच माणसं होती.

त्यातली एक जंगलाकडच्या गावची म्हातारी मावशी होती. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचून हात राठ झालेले, चांदीचे गोट मनगटात घट्ट बसलेले. कार्डाला बारा वर्षं झालेली म्हणून ती काळजीत पडली होती. तिला ऐकू बरंच कमी येत होतं. मी दोनदा सांगितलं, तिनं दोनदा कानामागे हात धरला.

"फोटो बी नवा काढाव लागन का वो?" तिनं विचारलं. "जुन्या फोटोत माहे दात हायेत."

आणि मी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तिला ऐकू जावं म्हणून खिडकीच्या काचा हालतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नाही मावशी! मोठ्या माणसाला फोटो बदलायची सक्ती नाही! ओळखीचा एक कागद, पत्त्याचा एक कागद, बस! फोटो जुनाच राहते!"

मावशीचा चेहरा उजळला. माझा हात कीबोर्डवर होता तिथंच थांबला. बाकाकडे बघायची माझी छाती होईना. शेवटी बघितलं. बाबा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होते. आई मात्र सरळ माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मला आठवीत एकदा बेंचखाली कैरी खाताना सापडले आणि आईला शाळेत बोलावलं तेव्हापासून ओळखीची आहे.

मावशीचे कागद स्कॅन केले, पावती दिली. तिची गाडी दुपारी होती, म्हणून ती तिथंच भिंतीला टेकून बसली. मधल्या माणसाचं काम कसं झालं ते मला आठवत नाही. मग बाबा येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. कॅमेरा त्यांच्या तोंडावर रोखलेला.

त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि हळूच विचारलं, "बाई, मी बी मोठाच मानूस हाये ना?"

मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. आलं. रुमाल सापडेना म्हणून मी ओढणीनं नाक पुसलं, जे मी समोरच्या लोकांना करू देत नाही.

"बाबा, नियम नव्हता," मी म्हटलं. "मी खोटं बोलली. मला लाज वाटत होती त्या फोटोची. कॉलेजात होती तेव्हापासून. इथं एकदा सगळे हसले तुमचा कागद पाहून, त मी सांगितलं का सिस्टमची गलती आहे. हे माझे बाबा आहेत म्हणून नाही सांगितलं."

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं होतं. मला वाटलं, आता हे उठून जातील, आणि जावंच त्यांनी.

"गलती?" बाबा म्हणाले. मग आईकडे वळले. "आयकलीस का वो? गलती म्हन्ते! दोन घंटे लागले होते त्या गलतीले! काजर म्या भरलो, कुंकू त्वा काहाडलं, नथ मास्तरनीनं देल्ली होती!"

"माही नथ नोको म्हनले हे," आई म्हणाली. "बारीक दिसते म्हने दुरून. राणीचे नखरे का कमी होते?"

आणि ते दोघं हसायला लागले. बाबा तर खुर्चीचा हात धरून हसले. मला आधी कळेचना की आपल्याला माफी मिळाली की आपली खिल्ली उडते आहे. दोन्ही होतं. माझ्या घरी या दोन गोष्टी कधी वेगळ्या नसतातच.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "लाज मले बी वाटली होती पहिल्या वर्षी. लुगडं नेसून आखरावर जाऊन राहिलो आन पाय उचलेच नाई. मंग ढोलकी वाजली त गेलो." एवढं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन कागद काढले, नीट घडी केलेले. "घे. एक ओळखीचा, एक पत्त्याचा. मी त दोनी आनलोच होतो."

मी कागद लावले. अंगठा जुळला, पहिल्याच खेपेला. फोटोच्या रकान्याला हात लावला नाही. काम दोन मिनिटांचं, पण मला ते आयुष्यातलं सगळ्यात चोख काम वाटलं. मग त्यांच्या फोनवर आलेला नंबर विचारून मी त्यांचं कार्ड कम्प्युटरवर उतरवून घेतलं, नवी प्रत छापायला. ते उघडलं आणि मीच जरा मागे सरले. आमच्या घरच्या कार्डावर पुसट झालेला तो चेहरा इथं लख्ख रंगीत होता. लाल कुंकू. मोत्यांची नथ, त्यातला एक मोती तुटलेला. कपाळावर घामाचे थेंब, कारण राणी नुकतीच उन्हात झाडं धुंडाळून आली होती.

"फिरव ना तो टीव्ही इकडं," बाबा म्हणाले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. बाबांनी आजवर स्वतःची राणी अंगठ्याएवढी आणि धुरकट पाहिली होती. ते पुढे वाकले.

"थोडा मोठा होते का?"

मी मोठा केला. राणी पडदाभर झाली. बाबांनी तोंडावर हात ठेवला. "असा दिसत होतो मी?"

"मी त तवाबी सांगत होती," आई म्हणाली. "तुमाले पटे कुठं?"

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्या लग्नात पाहिला नाही, भावाच्या नोकरीत पाहिला नाही. नोकरी लागल्यापासून तो माझ्या कम्प्युटरमध्ये एका बटणाच्या अंतरावर होता आणि मी त्याला पुसून टाकायला निघाले होते. मला स्वतःचा राग आला, पण तो टिकेना. समोर माणूस इतका खूश असताना राग कसा टिकणार?

स्क्रीन फिरवल्यामुळे तो आता अख्ख्या रांगेला दिसत होता. लोक माना उंचावू लागले. दाखलेवाले गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले, चेहरा ओळखीचा वाटला असणार. आणि भिंतीला टेकलेली ती मावशी हात टेकत उठली, लोकांना बाजूला सारत टेबलापर्यंत आली आणि स्क्रीनला जवळजवळ नाक लावून उभी राहिली.

"अवो माय," ती म्हणाली, "हे त राणी होय!"

कोणी काही बोलायच्या आत ती रांगेकडे वळली आणि सांगू लागली. त्यांच्या गावच्या मंडईत ही राणी आली होती. लेकरू हरवलं तेव्हा ही बाई एका मोहाच्या झाडाला मिठी मारून रडली. "खरंच्या झाडाले वो, आखरावरच्या! तो झाड माह्या घरासमोर हाये. मी अजूनबी त्याचे फुलं वेचतो त मले तेच आठवते. त्या दिसी घरी जाऊन मी जेवली नाई. माहा एक लेकरू गेला होता ना लहानपनी."

बाबा खाली मान घालून बसले होते, तिच्यापासून एका हातावर. गुळगुळीत दाढीचा, टक्कल पडत चाललेला म्हातारा शेतकरी. तिनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"कुठं राहते वो आता ते बाई?" तिनं मला विचारलं. "हाये ना जित्ती?"

मी उभी राहिले. "मावशी, ती बाई नाही. हे बसलेत ना, हे. हे माझे बाबा आहेत."

मावशीनं कानामागे हात धरला. तिला ऐकूच गेलं नव्हतं. मग मी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जाईल एवढं ओरडून.